साक्ष न फिरवणारा मुलगा : ‘मेमुशिरी कोउची’ची प्रस्तावना

केन्झाबुरो ओए यांची ‘मेमुशिरी कोउची’ ही पहिली कादंबरी 1958 साली प्रसिद्ध झाली. तेव्हा ओए 23 वर्षांचे होते आणि तोक्यो विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकत होते. ‘कोंब खुडा, पोरं मारा’ असा काहीसा या नावाचा अर्थ. दुसरे महायुद्ध शेवटाकडे चाललेले, जपानमधले एक आडवळणाचे डोंगरी गाव आणि सुधारगृहातली पंधरा मुले, एवढाच हिचा पसारा. हिला युद्धकादंबरी म्हणतात आणि ते योग्यच आहे. तरीही हिच्यात एकही लढाई नाही, शत्रूचा सैनिक नाही, नकाशावर बोट ठेवून बोलणारा सेनापती नाही. युद्ध इथे हवेसारखे सगळीकडे आहे आणि दिसते ते माणसांच्या वागण्यातून. ही कादंबरी सहसा मुलांच्या बंडाची, मोठ्यांच्या क्रौर्याची, निरागसता हरवण्याची गोष्ट म्हणून वाचली जाते. त्यात चूक नाही, पण तेवढ्यावर थांबले तर तिचे शेवटचे प्रकरण हातातून निसटते. मला वाटते, ओए यांना त्याहून नेमके काही सांगायचे आहे. मोठ्यांच्या सत्तेला मुलांकडून कष्ट हवे असतात, आज्ञापालन हवे असते. पण तिची शेवटची मागणी वेगळीच असते. घडले ते घडलेच नाही, असे मुलांनी आपल्या तोंडाने म्हणावे, ही ती मागणी. या कादंबरीतले मोठेपण म्हणजे त्या मागणीला दिलेला होकार, आणि बंड म्हणजे साक्ष फिरवायला दिलेला नकार.

कथानक आधी कळल्याने या कादंबरीचे काही बिघडत नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. हवाई हल्ल्यांच्या भीतीने सुधारगृहातल्या मुलांना शहराबाहेर हलवले जात आहे. गावामागून गावे त्यांना ठेवून घ्यायला नकार देतात. लोक कुंपणाआडून त्यांच्याकडे टक लावून पाहतात आणि मुलेही त्या नजरांना निर्लज्जपणे तोंड देतात. निवेदक यांच्यातलाच एक. त्याचे नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. त्याचा धाकटा भाऊ गुन्हेगार नाही, पण वडिलांनी त्यालाही या तांड्याबरोबर धाडून दिले आहे. अखेर खोल दरीपलीकडचे एक गाव त्यांना आसरा देते. तिथे जायला दरीवरून जाणारा ट्रॉलीचा रूळमार्ग तेवढा आहे. गावात जनावरे मरत आहेत आणि त्यांना पुरण्याचे काम मुलांना लावले जाते. रोगाची साथ आली आहे असे वाटताच गावकरी एका रात्री गुपचूप गाव सोडतात आणि पलीकडे जाऊन रूळमार्ग अडवून टाकतात. मागे राहतात ती ही मुले, मेलेल्या आईजवळ बसून राहिलेली एक मुलगी, बाप गमावलेला ली हा कोरियन मुलगा आणि लष्करातून पळून आलेला एक जवान. काही दिवस हे सगळे मिळून त्या ओसाड गावात संसार मांडतात. मग मुलगी आजारी पडून मरते, धाकटा भाऊ नाहीसा होतो आणि गावकरी परत येतात. फरारी जवानाची शिकार होते. त्यानंतर गावप्रमुख मुलांना बोलावून सांगतो की गाव सोडून कोणी गेलेच नव्हते, साथ आलीच नव्हती. सुधारगृहाचा अधिकारी येईल तेव्हा त्याला हेच सांगायचे.

हा प्रसंग नीट समजायचा तर ज्या जपानमध्ये ही मुले वाढली त्याच्याकडे पाहावे लागते. सम्राट मेइजी यांचे 1890 मधले शिक्षणविषयक फर्मान तिथल्या मुलांच्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेत पाठ केले होते. वडीलधाऱ्यांची भक्ती आणि सम्राटावरची निष्ठा त्यात एकाच धाग्यात ओवलेली होती. बापाची आज्ञा, गुरुजींची आज्ञा आणि सम्राटाची आज्ञा या चढत्या पायऱ्या मानल्या जात. 1941 साली प्राथमिक शाळांना ‘राष्ट्रीय शाळा’ हे नाव मिळाले आणि कवायतीचे शिक्षण वाढले. 1944 च्या उन्हाळ्यापासून शहरांतली लाखो मुले गटागटाने खेड्यापाड्यांत हलवण्यात आली. आईबापांपासून दूर, देवळांत आणि धर्मशाळांत ती राहिली. उपासमार आणि स्थानिकांचा परकेपणा हा अनेकांच्या वाट्याला आलेला अनुभव होता. ओए यांची मुले अशा स्थलांतरितांतली सर्वांत खालच्या पायरीवरची. शाळकरी मुलांना निदान देशाचे भविष्य म्हटले जाई. यांना तेही कोणी म्हणत नव्हते. मग 15 ऑगस्ट 1945 रोजी सम्राटाचा आवाज रेडिओवर उमटला आणि शरणागती जाहीर झाली. त्या शरद ऋतूत देशभरच्या वर्गांतून मुलांना शाईत बुडवलेले कुंचले देऊन पाठ्यपुस्तकांतल्या युद्धखोर ओळी काळ्या करायला लावण्यात आले. कालपर्यंत ज्या गुरुजींनी त्या ओळी पाठ करून घेतल्या, तेच आज त्या पुसून घेत होते. शिकोकू बेटावरच्या ओसे या जंगलांनी वेढलेल्या गावात वाढलेले ओए तेव्हा दहा वर्षांचे होते. पुसलेल्या ओळी वाईटच होत्या, यात शंका नाही. पण ‘हे आम्हीच तुम्हाला शिकवले होते’ असे म्हणणारे मोठे माणूस किती मुलांना भेटले असेल? ओए यांच्या पिढीचा मोठ्यांवरचा राग या ठिकाणी आहे. हरलेल्या मोठ्यांना ती पिढी कदाचित माफ करू शकली असती. रात्रीत कोरे होऊन उभे राहिलेल्या मोठ्यांना माफ करणे तिला जड गेले.

कादंबरीतली मोठी माणसे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. त्यांच्यात खलनायक म्हणावा असा एकही नाही, निदान गोष्टीच्या सुरुवातीला तरी नाही. बाप मुलाला अधिकाऱ्याच्या हवाली करतो, कारण वरून ठरवून दिलेली सोय आहे. अधिकारी मुलांना गावात सोडून दुसरी तुकडी आणायला जातो, कारण ते त्याचे काम आहे. गावातला लोहार मुलांवर पहारा करतो. डॉक्टर तर मला सर्वांत लक्षणीय वाटतो. मुलगी तापाने फणफणलेली असताना निवेदक जिवावर उदार होऊन दरी ओलांडतो आणि त्याच्या दारात उभा राहतो; डॉक्टर येत नाही, मुलाला हाकलून परत पाठवले जाते. यातला प्रत्येक जण आपापल्या परीने कर्तव्यच करत असतो. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या खाली मुले आहेत. गावप्रमुखसुद्धा सर्वसत्ताधीश नाही. शेवटी तो जे खोटे रचतो ते वरच्या अधिकाऱ्याच्या भीतीपोटीच रचतो. ओए यांनी सत्तेचे असे चित्र काढले आहे की तिचा उगम कुठेच सापडत नाही, ती फक्त वरून खाली झिरपत राहते. युद्धाने काय केले? या झिरपण्याला गती दिली. शांततेच्या काळात ज्या गोष्टींना लाज आडवी येते, त्यांना युद्धाने परवाना दिला. गावकऱ्यांच्या हातात बांबूचे भाले आहेत. 1945 मध्ये जपानच्या नागरिकांना, अगदी बायकामुलांनाही, शत्रू किनाऱ्यावर उतरलाच तर त्याला अशा भाल्यांनी भोसकण्याचे धडे दिले जात होते. कादंबरीत तो शत्रू येतच नाही. त्याच्यासाठी धार लावलेला भाला एका पळपुट्या जपानी पोराच्या पोटात जातो. हिला युद्धकादंबरी का म्हणायचे, या शंकेला एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

मोठी माणसे निघून गेल्यावर जे घडते त्याची तुलना विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’शी नेहमी होते. तो ग्रंथ 1954 चा, म्हणजे ओए यांच्या कादंबरीच्या चार वर्षे आधीचा. दोन्हींत युद्धामुळे मोठ्यांपासून तुटलेली मुले आहेत; पण दिशा उलट्या आहेत. गोल्डिंग यांच्या बेटावर मोठ्यांचा धाक उठताच चांगल्या घरची, चांगल्या शाळेतली मुले रानटी होत जातात आणि शेवटी एक नौदल अधिकारी येऊन त्यांना वाचवतो. ओए यांच्या गावात समाजाने रानटी ठरवलेली मुले धाक उठल्यावर माणसांसारखी वागू लागतात. मेलेल्यांना पुरतात, आजाऱ्याजवळ बसतात, ज्या कोरियन मुलाशी आधी मारामारी केली त्याच्याकडून पक्षी पकडायला शिकतात, बर्फ पडल्यावर शिकारीचा सण साजरा करतात. आणि मोठे परत येतात ते वाचवायला नव्हे. यावर एक आक्षेप लगेच येतो: हे मुलांचे भाबडे उदात्तीकरण झाले. सुधारगृहातली पोरे काही देवदूत नव्हती. चोऱ्या, मारामाऱ्या करूनच ती तिथे आली होती. आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर कादंबरीतच आहे. मुलीला कुत्रा चावतो. धाकट्या भावाचा तो जिवापाड लाडका कुत्रा. साथ त्यानेच पसरवली असा संशय येताच मुलेच त्याला ठार करतात, आणि भाऊ त्या रात्री निघून जातो तो पुन्हा दिसत नाही. भीतीने गावकऱ्यांचे जे केले तेच तिने मुलांचेही केले. ओए मुलांना निष्पाप ठरवत नाहीत. मुलांकडे क्रौर्य आहे, वासना आहे, भित्रेपणा आहे. त्यांच्याकडे नसलेली एकच गोष्ट म्हणजे केलेले पुसून टाकणारी व्यवस्था. कुत्रा मेला हे सगळ्यांना माहीत असते आणि त्याचे ओझे सगळ्यांवर पडते. निवेदकाला भाऊ गमावून त्याची किंमत मोजावी लागते. मोठ्यांच्या जगात मात्र मुलगी मेली, भाऊ हरवला, जवान मेला, आणि तरीही काही झाले नाही असे ठरवता येते.

कादंबरीच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘शिइकू’ या दीर्घकथेशी ही कादंबरी ताडून पाहिली म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होतो. त्या कथेला 1958 चे आकुतागावा पारितोषिक मिळाले आणि ओए यांचे नाव घरोघर पोचले; 1961 मध्ये नागिसा ओशिमा यांनी तिच्यावर चित्रपटही काढला. तिथेही असेच दुर्गम गाव आहे. विमान कोसळून हाती लागलेला एक कृष्णवर्णी अमेरिकन सैनिक गावकरी कोंडून ठेवतात आणि मुलांचा हळूहळू त्याच्यावर जीव जडतो. त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचे ठरते तेव्हा तो निवेदक मुलाला ओलीस धरतो, आणि मुलाचा बाप कुऱ्हाडीने त्या सैनिकाचे डोके फोडताना मुलाचा हातही चिरडतो. त्यातून सावरताना मुलाला जाणवते की आपण आता मूल राहिलेलो नाही. म्हणजे ‘शिइकू’त मोठेपण मुलावर लादले जाते; बापाच्या घावाने ते त्याच्या अंगावर कोरले जाते आणि त्याला विचारण्याचा प्रश्नच येत नाही. ‘मेमुशिरी कोउची’त मोठेपण ही मुलासमोर ठेवलेली अट आहे. इथे त्याला विचारले जाते, त्याच्या होकाराची वाट पाहिली जाते. पहिल्या कथेतला मुलगा हिंसेचा बळी म्हणून मोठा होतो. दुसरीतल्या मुलाला हिंसेचा भागीदार म्हणून मोठे होण्याचे निमंत्रण आहे. ओए यांनी काही महिन्यांच्या अंतराने हा प्रश्न असा दोन बाजूंनी तपासला, आणि माझ्या मते दुसरा तपास अधिक खोल गेला. मार खाण्यात माणसाची निवड नसते. खोट्यात सामील होण्यात ती असते, मग तिच्यावर कितीही दडपण असो.

हे दडपण कसे आणले जाते, याचे वर्णन कादंबरीचा कळस आहे. गावप्रमुख एकदम मारहाणीवर येत नाही. आधी तो मुलांवरच आळ घेतो: घरे फोडली, धान्य चोरले, नासधूस केली. आरोपी केले की साक्षीदार दुबळा होतो, हे तो जाणतो. मग तो उदार होतो: सगळे माफ, फक्त तोंड बंद ठेवा. मग धमकी येते. मग अन्न येते. दिवसभराच्या उपाशी पोरांसमोर गरम भाताचे गोळे ठेवले जातात आणि एकेक जण पुढे होतो. ली तर कोरियन. जपानने 1910 साली कोरिया बळकावला तेव्हापासून त्याच्यासारख्यांचे जगणे मालकांच्या मर्जीवर चाललेले. त्याच्या वस्तीला गावाच्या सावलीतच राहायचे आहे, म्हणून त्याच्या मान खाली घालण्यात फक्त त्याचा जीव पणाला लागलेला नाही. ओए यांचे मोठेपण असे की ते या मुलांना फितूर म्हणून हिणवत नाहीत. भुकेल्या मुलाने भात खाल्ला, यात त्याचा दोष काय? दोष आहे तो भाताची किंमत साक्षीत वसूल करणाऱ्याचा. खोट्याची ही बांधणी आपण नीट पाहावी. एकाच माणसाने बोललेले खोटे टिकत नाही. सगळ्यांनी मिळून बोललेले खोटे टिकते. म्हणून गावप्रमुखाला बाकीच्यांचे होकार पुरत नाहीत, त्याला शेवटचाही लागतो. एकटा उरलेला निवेदक नाही म्हणतो तेव्हा गावप्रमुखाचा जो संताप होतो, तो एका पोराच्या उद्धटपणाच्या मानाने फार मोठा वाटतो. तो तसा असणारच. कारण एक ‘नाही’ उरला की बाकीचे सगळे ‘हो’ विकत घेतलेले आहेत हे उघडे पडते. असले कोंब वेळीच खुडले पाहिजेत, हा कादंबरीच्या नावातला विचार त्याच्या तोंडी याच क्षणी येतो.

गावकऱ्यांच्या बाजूनेही बोलायला हवे, कारण प्रामाणिक वाचकाच्या मनात ती बाजू येतेच. त्यांना खरोखर भीती वाटत होती. युद्धामुळे औषधे नाहीत, धान्य मोजके, जनावरे मरत आहेत, आणि त्यात सरकारने परकी पोरे गळ्यात बांधलेली. आपल्या लेकरांना घेऊन पळालेल्या माणसाला न्यायासनापुढे उभे करण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? हा आक्षेप मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. परंतु ओए यांनी दोषाची वाटणी फार काळजीपूर्वक केली आहे. पळून जाणे हा एक टप्पा. भीतीच्या हिशेबात तो समजू शकतो. रूळमार्ग अडवणे हा दुसरा टप्पा. त्यात आपला जीव वाचवण्याबरोबर दुसऱ्याचा जाऊ देण्याचा निर्णय आहे. तोही कदाचित साथीच्या तर्कात बसवता येईल. घडलेले नाकारणे हा तिसरा टप्पा, आणि तो कुठल्याही भीतीत बसत नाही. तोवर साथ ओसरलेली आहे, धोका टळलेला आहे, लोक सुखरूप परतले आहेत. त्या वेळी गावप्रमुख एवढेच म्हणाला असता की आम्ही घाबरलो, तुम्हाला टाकून गेलो, तर ही कादंबरी वेगळ्या ठिकाणी संपली असती. गावकऱ्यांची भीती ओए यांना मान्य आहे. तिच्यावर त्यांनी चढवलेला सभ्यपणाचा मुलामा मान्य नाही. आणि हा निवाडा फक्त त्या एका गावापुरता नव्हता. ही गोष्ट लिहिली गेली तेव्हा युद्ध संपून जेमतेम तेरा वर्षे झाली होती. देश झपाट्याने सावरत होता, आणि 1957 साली पंतप्रधान झालेले नोबुसुके किशी हे युद्धकाळातल्या तोजो मंत्रिमंडळातले मंत्री होते. गाव पुन्हा सुरळीत झाले होते. काही झालेच नव्हते, असे म्हणण्याची सोय सगळ्यांना हवी होती.

तिसरा आक्षेप नकाराच्या उपयोगाबद्दल आहे. एकट्या मुलाने नाही म्हटले, त्याने काय साधले? मेलेले परत येत नाहीत, सोबती त्याच्याबरोबर येत नाहीत, गावकरी बदलत नाहीत. तो अंधाऱ्या जंगलात पळतो आणि पाठलाग करणारे मागे असतात. पुढे काय, ते कादंबरी सांगत नाही. हा पौगंडावस्थेचा रोमँटिकपणा नव्हे काय? एक गोष्ट इथे लक्षात घेतली पाहिजे. ओए यांनी लहानपणी जपानीत वाचलेल्या आणि जन्मभर मनात ठेवलेल्या पुस्तकांत मार्क ट्वेन यांचे ‘हकलबरी फिन’ होते. 1994 च्या नोबेल भाषणाची सुरुवातही त्यांनी त्या पुस्तकाच्या आठवणीने केली. हक हा पळून आलेल्या गुलामाला पकडून देण्यासाठी लिहिलेली चिठ्ठी फाडून टाकतो तेव्हा समाजाच्या मते तो नरकाचा धनी होतो, आणि त्यालाही तसेच वाटते. तो क्रांतिकारक नाही, त्याच्याजवळ विचारसरणी नाही. फक्त एका माणसाशी तो बेइमान होऊ शकत नाही. ओए यांचा निवेदक त्याचाच जपानी भाऊबंद आहे. त्याच्या नकाराची किंमत परिणामांत मोजली तर शून्य भरेल. पण साक्षीचे मोल निकालावर ठरत नाही. त्या मुलाने होकार दिला असता तर मेलेली मुलगी, हरवलेला भाऊ आणि भोसकलेला जवान यांचे मरण जगात कुठेही नोंदले गेले नसते. तो पळतो तेव्हा ती नोंद त्याच्याबरोबर पळते, आणि वाचकाच्या हातात जे पुस्तक आहे ती तीच नोंद आहे. निवेदन प्रथमपुरुषी का आहे, याचे उत्तरही इथेच मिळते.

शिवाय तरुणांच्या प्रत्येक बंडाला ओए टाळ्या वाजवत नव्हते, हे पुढच्या लेखनावरून सिद्ध होते. 12 ऑक्टोबर 1960 रोजी जपानी समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांचा भर सभेत खून झाला. मारणारा सतरा वर्षांचा, कडव्या उजव्या विचारांचा मुलगा होता. त्यानंतर 1961 च्या सुरुवातीला ओए यांनी ‘सेवेंटीन’ ही कथा आणि तिचा उत्तरार्ध लिहिला. त्यातला मुलगा स्वतःची लाज, भीती आणि एकाकीपणा सम्राटभक्तीत बुडवून टाकतो. गणवेश चढवल्यावर त्याला प्रथमच सुरक्षित वाटते. वरून पाहता तोही बंडखोर आहे. बापाला तो जुमानत नाही, पोलिसांना भीत नाही, प्रस्थापितांवर थुंकतो. परंतु त्याचे बंड म्हणजे लहान मालक सोडून मोठ्या मालकाच्या पायाशी जाणे आहे. उत्तरार्धामुळे ओए यांना उजव्या गटांच्या धमक्या आल्या, प्रकाशक मासिकाने माफी मागितली आणि तो भाग जपानमध्ये कित्येक दशके पुस्तकात येऊ शकला नाही. या दोन मुलांना शेजारी उभे केले म्हणजे ओए यांच्या लेखी बंडाची कसोटी कोणती ते कळते. आवाज किती मोठा, हात किती उगारला, यावर ती ठरत नाही. एक मुलगा सत्तेत विरघळून स्वतःला विसरतो; दुसरा सत्तेसमोर उभा राहून दुसऱ्यांना विसरायला नकार देतो. तारुण्याचा आवेश दोघांकडे सारखाच आहे. साक्ष फक्त एकाकडे आहे.

ही कसोटी ओए यांनी स्वतःलाही लावून घेतली. 1970 साली त्यांचे ‘ओकिनावा नोट्स’ हे पुस्तक आले. 1945 च्या वसंतात ओकिनावाच्या बेटांवर जपानी नागरिकांच्या कुटुंबेच्या कुटुंबांनी सामुदायिक आत्महत्या केल्या होत्या. त्यामागे जपानी लष्कराचा हात होता, असे त्यांनी त्यात मांडले. 2005 मध्ये, म्हणजे पुस्तकानंतर पस्तीस वर्षांनी, तिथल्या एका माजी लष्करी अधिकाऱ्याने आणि दुसऱ्या दिवंगत अधिकाऱ्याच्या नातलगाने त्यांच्यावर आणि प्रकाशकावर बदनामीचा दावा लावला. सत्तरी ओलांडलेले, नोबेल मिळालेले ओए न्यायालयात उभे राहिले. दरम्यान 2007 मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या तपासणीने शालेय इतिहासाच्या पुस्तकांतून लष्कराच्या सक्तीचे उल्लेख काढायला लावले, आणि त्या सप्टेंबरमध्ये ओकिनावात प्रचंड निषेधसभा झाली. ज्यांनी आपल्या घरातली माणसे 1945 च्या त्या वसंतात गमावली होती ते वृद्ध ‘घडले होते’ एवढे एकच सांगायला तिथे जमले होते. 2008 मध्ये ओसाकाच्या जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. लष्कराचा त्या मृत्यूंशी खोलवर संबंध होता, असे न्यायालयाने म्हटले. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाल कायम झाला. तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने कल्पिलेला गावप्रमुख अर्ध्या शतकानंतर मंत्रालयाच्या शेऱ्यातून बोलत होता. या खटल्यामुळे कादंबरी भविष्यवाणी ठरते, असे मी म्हणणार नाही. भविष्य सांगणे हे कादंबरीचे काम नव्हे. मात्र तिच्यातला संघर्ष पौगंडावस्थेचा अतिरेक होता, हा आक्षेप यानंतर टिकत नाही. तो संघर्ष म्हाताऱ्यांनाही लढावा लागला.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही, आणि प्रस्तावनाकाराने त्या झाकल्या तर तोही गावप्रमुखाच्याच पंगतीला बसेल. मुलगी जवळजवळ मुकी आहे. तिचे दुःख आपल्याला निवेदकाच्या ओढीतून आणि अपराधीपणातून कळते, तिच्या स्वतःच्या शब्दांतून नाही. ली या मुलावर लेखकाची माया आहे, तरी त्याच्या वस्तीचे आयुष्य दुरूनच दिसते. गावकरी अनेकदा एकाच चेहऱ्याचा जमाव होतात. त्यांच्यातल्या एखाद्याला रात्री झोप आली नसेल, अशी शक्यता लेखक फारशी उघडत नाही. शरीराचे, घामाचे, विष्ठेचे, कुजणाऱ्या जनावरांचे वर्णन काही वाचकांना नकोसे होईल. या शेवटच्या गोष्टीचे मात्र मी समर्थन करीन. शाळेत पाठ करून घेतलेली भाषा स्वच्छ होती. तिच्यात मृत्यूला फुलांची नावे होती. त्या भाषेत वाढलेल्या लेखकाने मृत्यूचा वास लिहिणे हे साक्षीचेच काम आहे.

मराठी वाचकाने ही कादंबरी जपानची गोष्ट म्हणूनच वाचावी. तिच्यातला सम्राट, तिच्यातला पराभव, तिच्यातले जंगल त्या देशाचे आहे आणि त्याला आपले रूपक बनवण्याची घाई नको. परंतु वाचताना एका बाबतीत सावध राहावे. आपली सहानुभूती सहज त्या एकट्या मुलाकडे जाते आणि आपण त्याच्या जागी स्वतःला पाहू लागतो. कादंबरी वाचणारे आपण बहुतेक जण मोठे आहोत. आपली जागा भाताचे गोळे वाटणाऱ्यांच्या बाजूला असण्याचा संभव अधिक आहे. ओए यांचा प्रश्न म्हणूनच बंडखोर मुलांपेक्षा मोठ्यांना आहे: आपल्या चुकीचा साक्षीदार असलेल्या मुलाशी आपण कसे वागतो? त्याला शिक्षा करणे सोपे आहे, त्याला खाऊ देऊन गप्प करणे त्याहून सोपे. ‘तू पाहिलेस ते खरे आहे’ असे त्याला सांगणारा मोठा माणूस या कादंबरीत एकही नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम तिच्या वाचकाचे आहे.